पहिल्या हसण्याचा मान

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की जिथे ती घडली ते राज्य आता मातीखाली आहे.

त्या राज्यात सुगी संपली की जत्रा भरे आणि जत्रेत दगडी चौथऱ्यावर एक नकल्या उभा राही. ना ढोलकी, ना मुखवटा, ना साथीदार. एकटा माणूस आणि त्याची जीभ. नियम एकच होता. ज्याची नक्कल होईल, त्यानं आधी हसायचं, मग इतरांनी. तो हसला नाही, तर कोणीच हसायचं नाही.

या नकल्याच्या आज्यानं त्या वेळच्या राजाच्या हावरटपणाची नक्कल केली होती. राजा पागोटं पडेपर्यंत हसला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं मिठावरचा कर उठवला. ही कथा ऐकतच नकल्या मोठा झाला होता. आपणही असंच काही करावं, एवढी एकच आस त्याला होती.

त्याचा जिवलग मित्र एक कुंभार होता. बोलताना अडखळायचा, पण हसू लागला की धबधबा. चौथऱ्यासमोर पहिल्या रांगेत त्याची जागा ठरलेली.

एका साली नवा राजा गादीवर आला आणि त्यानं मिठावर पुन्हा कर बसवला. जत्रेत नकल्यानं थेट त्याचीच नक्कल काढली: चिमूटभर मीठ तोलायला सगळी फौज बोलावणारा राजा. लोकांच्या ओठांवर हसू येऊन थांबलं. सगळे राजाकडे पाहू लागले.

राजा हसला नाही. रागावलाही नाही. नुसता म्हणाला, "हं. पुढे?"

ते ऐकून नकल्याची नजर भिरभिरली आणि पहिल्या रांगेवर टेकली.

"आता बघा, आमचे कुंभारबुवा मडकं विकतात!" तो ओरडला. "घ-घ-घ्या हो म-म-म... अहो, यांचं मडकं म्हणून होईस्तोवर गिऱ्हाईक तहानेनं मेलं!"

कुंभारानं मित्राकडे पाहिलं. मग राजाकडे. मग तो हसला. राजा हसला. आणि सारी जत्रा खदखदली.

सांजेला नकल्या कुंभाराच्या भट्टीपाशी गेला. "रागावलास होय रे? वेळ मारून नेली बघ. नाहीतर उद्या माझं मुंडकं वेशीवर लटकलं असतं."

"ह-हसलो ना मी," कुंभार म्हणाला. "प-पण माझ्याकडेच का पाहिलंस?"

"तू हसशील हे ठाऊक होतं म्हणून."

कुंभारानं विस्तवात लाकूड सारलं. "आजवर म-माया होती म्हणून हसायचो रे. आज भ-भ्यालो म्हणून हसलो."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात पोरंसोरंही त्याला "म-म-म" अशी हाक मारू लागली. कुंभारानं आधी बोलणं कमी केलं, मग सोडलंच. किंमत बोटांनी दाखवायचा.

राजाला मात्र चटक लागली. पुढल्या जत्रेत नकल्यानं आंधळ्या म्हातारीची नक्कल केली, त्यापुढल्या जत्रेत पोरक्या मोलकरणीची. दोघीही हसल्या. न हसून जाणार कुठे? पहिल्या रांगेत बसायला कोणी धजेना. मग दुसऱ्या. हळूहळू लोक यायचेच थांबले. हसणारे नाहीत तर मजा कसली, म्हणून राजाही येईनासा झाला. मिठावरचा कर तेवढा वाढत राहिला.

मग एका जत्रेत एकटा कुंभार आला आणि आपल्या जुन्या जागी बसला. नकल्याला भडभडून आलं. सारं बळ एकवटून त्यानं राजाची नक्कल केली. पुरी, निर्भय, आज्यालाही जमली नसती अशी. पाहायला राजा तिथे नव्हताच.

"हस रे," तो गयावया करत म्हणाला. "आज नियमबियम काही नाही. एकदा हस!"

कुंभारानं तोंड उघडलं. शब्द आला नाही. हसूही आलं नाही. तो उठला, धोतराची धूळ झटकली आणि निघून गेला.

नकल्या रिकाम्या जत्रेसमोर उभाच राहिला. त्यानंतर त्या राज्यात कोणी पोटभर हसल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. अळणी भाकरी खाऊन माणसं मुकाट निजत.

तात्पर्य: बलवानापुढे गिळलेली थट्टा जो दुबळ्यावर ओकतो, तो आपलं माणूसही गमावतो आणि हसूही.