गाडीखालची सावली

"मला एकट्याला गाडी कधी देणार, वस्ताद?"

प्रल्हादने पुन्हा तेच विचारलं. इब्राहिम वस्ताद खुर्चीत बसून चहा फुंकत राहिले...

राहुड घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गॅरेज होतं; प्रल्हाद तिथे काम शिकत होता. पुढ्यात ट्रकतळ, वर चैत्रातलं ऊन. समोरच्या ट्रकच्या केबिनमधला इशाऱ्याचा लाल दिवा पेटला होता आणि चढावर गाडीने दम सोडला होता. धुरातली काजळी अडवणारी जाळी पार तुंबली होती.

ती आतल्या आत जाळून मोकळी करतात. गाडी उभी ठेवायची, बटण दाबायचं. इंजिनाचा वेग आपोआप चढतो, धुराच्या वाटेत जादा डिझेल जळतं आणि काजळीची राख होते. तेव्हा सायलेन्सर एवढा तापतो की खालचं वाळकं गवतही पेट घेतं.

म्हणून वस्तादांचा एक नेम होता. बटण दाबण्याआधी वाकून गाडीखाली बघायचं. भर दुपारी तळावरचे ड्रायव्हर मिळेल त्या गाडीखाली पसरतात. गाडी कोणाची, हे कोणी विचारत नाही.

प्रल्हादला या नेमाचा कंटाळा आला होता. गाडीला जोडलेल्या लॅपटॉपवर सगळं दिसतं, मग ढोपरं कशाला टेकायची, असं तो बोलून दाखवायचा. पठ्ठ्या हुशार होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"ही कर," वस्ताद म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

प्रल्हाद खुलला. त्याने धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी बघितली, पाइपाचे जोड चाचपले, गाडी उघड्यावर घेतली, खालचा पालापाचोळा झाडला. वस्तादांना दिसेल असं वाकून गाडीखालीही बघितलं. कोणी नव्हतं. मग तो लॅपटॉप आणायला आत गेला. केबल सापडेना. सापडली तेव्हा तो घाईघाईने केबिनमध्ये चढला आणि बटण दाबलं.

इंजिन गुरगुरू लागलं. पडद्यावर सायलेन्सरच्या तापमानाचे आकडे चढू लागले. तीनशे... चारशे... वस्तादांनी हे बघावं म्हणून त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

वस्तादांची खुर्ची रिकामी होती.

मागच्या चाकाशी वस्तादांच्या चपला होत्या.

त्याने मारलेली हाक इंजिनाच्या आवाजात त्यालाच ऐकू आली नाही. त्याने गाडी बंद केली. इंजिन थांबलं, पण आकडा उतरेना. तापलेला सायलेन्सर लगेच निवत नाही, हे त्याला पाठ होतं. म्हातारा माणूस, त्यात दम्याचा...

तो उडी मारून धावला आणि चाकाशी येऊन थबकला. त्याला वाकवेना. वाकलो तर काय दिसेल, याची त्याला भीती वाटली.

"वस्ताद..."

शेवटी त्याने ढोपरं टेकली.

वस्ताद सायलेन्सरपासून दूर, मागच्या चाकांच्या मध्ये उताणे पडले होते. डोळे उघडे होते. ते त्याच्याचकडे बघत होते.

ते सरपटत बाहेर आले, तेव्हा प्रल्हादला रडू फुटलं. त्याची त्याला लाजही वाटली नाही.

"मी बघितलं होतं, वस्ताद."

"कधी?"

केबल शोधायला आत जाण्याआधी, हे प्रल्हादला आठवलं.

"चपला दिसल्या म्हणून... नाही तर..." प्रल्हादने डोळे पुसले.

वस्तादांनी सदऱ्याची माती झटकली आणि चपला पायात सरकवल्या.

"त्या मी मुद्दाम बाहेर काढल्या," ते म्हणाले. "खाली झोपणारा चपला उशाला घेतो."