ख्रिस्तराजाचा टेम्पो

ही गोष्ट शपथेवर खरी आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो, पण म्हणून काय पाहू नये?

वसईकडच्या आमच्या गावात ख्रिस्तराजाच्या सणाला त्याची मूर्ती फुलांनी सजवलेल्या टेम्पोतून मिरवतात. टेम्पो गावातल्या जुजेशेठचा. मिरवणूक त्यांच्या बंगल्यापुढे हमखास थांबायची, कारण तिथं मूर्तीसोबत शेठचा फोटो निघायचा. त्या वर्षी ऐन वेळी पताका बांधताना म्हातारा डुमिंग माडावरून पडला. पाय मोडला, घेरी यायला लागली, आणि गावात दुसरी गाडी नाही.

कोळीण कोंसूमावशी धावत आली. "शेठ, टेम्पो द्या, ह्याला दवाखान्यात नेऊ."

"खुळी झालीस काय गं! आत साक्षात राजा बसलाय. त्याला खाली उतरवू?"

"कशाला उतरवता? डुमिंग बसेल त्याच्या पायाशी. मिरवणूकच दवाखान्याकडे वळवा."

"राजानं कुठं जायचं ते मी ठरवतो!" शेठ गरजले.

मावशीनं मिरवणुकीचा माइक त्यांच्या हातात ठेवला. "मग हेच जरा मोठ्यानं सांगा. राजा तो की तुम्ही, ते गावाला एकदा कळू दे."

शेठनी मूर्तीकडे पाहिलं, मग हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं, आणि माइकवरच ओरडले, "ड्रायव्हर, दवाखाना!"

मिरवणुकीचा अख्खा बँड वाजतगाजत वॉर्डात शिरला. डुमिंगचा पाय वाचला.

यात रचलेलं एवढंच, की बँड वॉर्डात शिरला. खरं तर तो दारातच थांबला. आत फक्त ढोलवाला गेला.