राणीने न घातलेलं पाणी

एक होता राजा. त्याचं राज्य एवढंसं, की त्याने सकाळी अंगणात चूळ भरली तर शिंतोडे शेजारच्या राज्यात उडायचे. हसताय काय, आधी पांघरूण घ्या. शंतनू, पाय आत. मिहू, तूही. हं.

तर त्या राजाची राणी होती कमळजा. बाई मनाने चांगली, पण तिच्या जिवाला सदा घोर. दूध उतू गेलं तरी घोर, नाही गेलं तरी घोर. आणि सगळ्यांत मोठा घोर हा, की तिला मूलबाळ नव्हतं.

एकदा काय झालं, बाजाराच्या कडेला एक म्हातारी कंद विकायला बसली होती. सुरण, रताळी, अळकुड्या, असलंच सगळं. राणीची पालखी तिथून चालली होती. म्हातारीने राणीचा चेहरा पाहिला आणि टोपलीच्या तळाशी हात घालून एक कंद काढला. लिंबाएवढा असेल, काळा आणि खडबडीत. म्हणाली, हा रंगीत अळूचा कंद. खाऊ नकोस, घसा खाजेल. कुंडीत लाव, ऊब दे. याला पान फुटेल तेव्हा तुला मुलगी होईल. पानाचा आणि तिचा जीव एकच. मग तिने राणीचा हात धरला.

"हे बघ बये, मागेल तेव्हाच पाणी दे. आणि झोपला, तर झोपू दे."

राणी हो हो म्हणाली आणि निघाली. तुम्ही दोघं म्हणता ना गृहपाठाला, तस्सं हो हो.

मग कुंडीत पान आलं. काय पान होतं सांगू! मध्ये कुंकवासारखं लाल, कडेने हिरवंगार, आणि वर भाताची शितं सांडावीत तसे पांढरे ठिपके. पान उलगडलं आणि राणीला मुलगी झाली. तिचं पत्रिकेतलं नाव चांगलं लांबलचक होतं, पण सगळे म्हणायचे चिमी.

आता राणीने सुखात राहावं की नाही? पण नाही. आता तिला दोन घोर झाले. राणीचा नेम होता, बरं का, की तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. त्या नेमात तिने कुंडीही घेतली. कुंडीने मागो न मागो, रोज एक तांब्या. कुंडी ठेवली होती स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, म्हणून ते पाणी सुकून जायचं, कंदाला बाधायचं नाही. वर्षं गेली, पान कधी सुकलं नाही.

आणि चिमीचंही तसंच. तिला भूक लागायच्या आत घास पुढे, थंडी वाजायच्या आत शाल अंगावर. चिमी दुपारी झोपली, की राणी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना. बोट लागलं की चिमी जागी व्हायची, रडायची. पुन्हा झोपली की पुन्हा बोट. त्या पोरीला सबंध झोप कसली ती माहीतच नव्हती.

मग चिमी पाच वर्षांची झाली आणि त्या वर्षी दिवाळीनंतर अशी थंडी पडली, की चुलीजवळची भिंतसुद्धा गार झाली. एका सकाळी पान पिवळं पडून कुंडीच्या काठावर लवलं. राणीच्या हातातला तांब्या खाली पडला. धावत चिमीच्या खोलीत गेली, तर चिमी गाढ झोपलेली. हाक मारली, उठेना. हलवली, उठेना. श्वास चालू होता, पण इतका हलका, की मोरपिसाने कळावा.

मग राणीने काय केलं? कुंडीला एकाच्या जागी तीन तांबे पाणी घातलं. राजाने ढोल-ताशे आणले आणि पलंगापाशी वाजवले. राजाची बहीण होती, भीमाआत्या, तिने कुंडीत तूप घातलेलं दूध ओतलं, पोरीला शक्ती येईल म्हणून. सगळ्यांनी आपापल्या परीने माया केली. कोणी दुष्ट नव्हतं, हे लक्षात ठेवा. पण शेवटी कुंडीला वास यायला लागला आणि चिमीचे ओठ निळसर दिसायला लागले.

राणीने कुंडीत हात घातला. कंद एका बाजूने मऊ लागला, पिचक्या टोमॅटोसारखा. तेव्हा तिला म्हातारीचं बोलणं आठवलं. सगळं आठवलं. ती तशीच अनवाणी बाजाराकडे धावली, कुंडी कडेवर घेऊन.

म्हातारी तिथेच बसली होती. रागावली नाही. कंद हातात घेऊन दाबून पाहिला, आणि सांगितलं, की कुजलेलं सगळं काप, कणभरही ठेवू नकोस. राहिल्या भागाचे तुकडे कर, पण प्रत्येकाला एक डोळा हवा. डोळा म्हणजे कंदावरचा तो बारीक उंचवटा, जिथून कोंब येतो. कापल्या जागी चुलीतली राख लाव, सुकू दे, मग कोरड्या मातीत ठेव. उबेला. आणि पाणी नाही. कोंब मागेल तेव्हा दे.

राणीने विचारलं, "कापलं तर माझ्या चिमीला लागेल का?"

"लागेल," म्हातारी म्हणाली. "नाही कापलंस तर काहीच लागणार नाही तिला. कधीच."

राणी घरी आली. राजाला म्हणाली, तुम्ही कापा. राजाने लढाया केल्या होत्या, पण विळी पाहून तो दोन पावलं मागे सरकला. आत्याबाई तर रडायलाच बसल्या. मग राणीच विळीवर बसली. एक काप दिला, पलीकडे चिमी झोपेत कळवळली. राणीला वाटलं, टाकावी विळी आणि पळून जावं. पण कुजकं अजून दिसत होतं. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसत तिने स्वच्छ पांढरा कंद दिसेपर्यंत कापलं. तीन डोळे वाचले, तीन तुकडे झाले. राख लावली, सुकवले, तीन कुंड्यांत ठेवले. एक सांभाळायला राजाला दिली, एक आत्याबाईंना आणि एक स्वतःकडे.

राजाला दम निघेना. कोंब आला का बघू म्हणून त्याने माती उकरली, तर कोंब खरंच येत होता, तो बोट लागून मोडला. त्याच वेळी चिमीच्या पायांची ऊब गेली.

आत्याबाईंना दया आली. कोरडी माती बघवेना. एवढंसं तर घालते, म्हणून त्यांनी ओंजळभर पाणी घातलं. रोज एवढंसं, एवढंसं. तो तुकडा कुजला आणि चिमीच्या हातांची ऊब गेली.

आता उरली राणीची कुंडी. आणि चिमीच्या अंगात ऊब उरली छातीपाशी, वाटीएवढ्या जागेत. राणी तिथे तळहात ठेवून बसायची.

तुम्हाला वाटेल, राणीला एकदम शहाणपण आलं. कसलं काय. तिला वाचवलं त्या अळूच्या खाजेने. कंद कापल्यापासून तिचे हात खाजून खाजून सुजले होते. चिंच चोळली, तेल लावलं, तरी बोटं मिटेनात. तांब्याच धरता येईना, तर पाणी घालणार कशी? तुळशीला दासी पाणी घालायची आणि राणी कुंडीकडे नुसती बघत राहायची.

पण हात बरे झाले. मग खरी परीक्षा. रोज सकाळी राणी तांब्या भरायची, कुंडीपाशी यायची. माती भेगाळलेली. जीव म्हणायचा, घाल गं, मरेल ती तहानेने. तांब्या कलता व्हायचा. मग राणी दात आवळायची, उलट्या पावली अंगणात जायची आणि सगळं पाणी तुळशीला ओतायची. कधी कधी तिथेच बसून रडायची. दुपारी चिमीच्या नाकाशी बोट न्यायची आणि अर्ध्यातून मागे घ्यायची. मिहू, काहीतरी करण्यापेक्षा काही न करणं फार अवघड असतं गं.

फाल्गुन गेला. चैत्रातलं ऊन चुलीच्या भिंतीपर्यंत आलं. त्या दिवशी राणी तांब्या घेऊन आली, तर माती फुगलेली. मध्ये चीर पडलेली. आणि चिरेतून डोकावत होती एक लालसर सुरळी, उदबत्तीएवढी बारीक.

राणीचा विश्वास बसेना. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, झोपेतला.

"आई, तहान लागली."

ती तशीच आत धावली. चिमीला पाणी पाजायची तिला इतकी घाई झाली, की निम्मं पाणी अंथरुणावर सांडलं. चिमी चिडली, की माझं अंथरूण भिजलं. राणीला ते चिडणंसुद्धा गोड लागलं. उरलेलं पाणी तिने कुंडीला घातलं.

पुढे सगळं छान झालं. चिमीच्या हातापायांतही ऊब परत आली. थंडी आली, की पान झोपायचं आणि राणी कुंडी कोरडी ठेवून द्यायची. चिमी मात्र रोज रात्री झोपायची आणि सकाळी आपली आपण उठायची. पाच वर्षांची राहिलेली झोप तिने एकदाच भरून काढली होती ना. आता कंद कापला तरी चिमीला लागायचं नाही. कंद मोठा झाला, की राणी त्याचे डोळे बघून तुकडे करायची, राख लावायची आणि ज्या घरी घोर असेल त्या घरी एक द्यायची. आपल्या गॅलरीतली कुंडी त्यातलीच. मिहू, तू आज संध्याकाळी तिच्यात गुपचूप ग्लास रिकामा करत होतीस, ते मी पाहिलंय. ती मेली नाही गं. झोपली आहे.

राणीचा घोर गेला का? छे. तो कुठे जातोय. ती रोज चिमीच्या दाराशी बसायची, पण बाहेरच्या बाजूला.

चला, मिटा डोळे. मी काही नाकाशी बोट धरणार नाही. तहान लागली, तर हाक मारा. मी इथे दाराशीच आहे.