गळपट्टा नसलेला पोपट

“मग अजून काय पाहायचं राहिलं, चाचा?” हेरंबने विचारलं आणि पडवीत पसरलेल्या नकाशावर तळहात फिरवला.

इस्माईलचाचांनी पस्तीस वर्षं त्या घाटातलं जंगल राखलं होतं. हेरंबला पाखरं ओळखायला त्यांनीच शिकवलं. आता तो डॉक्टर पाटणकर झाला होता. परवा कोल्हापुरात त्याचा सत्कार होता आणि त्याआधी तो गुरूचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

निळ्या पंखांचे पोपट एके काळी या डोंगररांगेत सगळीकडे होते. मग एकेक खोरं रिकामं होत गेलं आणि शेवटी तीनच उरली. पण गेली सहा वर्षं त्या तिन्ही खोऱ्यांतला आकडा दोनशेच्या खाली आला नव्हता. घट थांबली, असं हेरंबने छापून सिद्ध केलं होतं; सत्कारही त्यासाठीच होता. जंगलही नकाशावर हिरवंगार दिसत होतं.

चाचांनी नकाशाकडे पाहिलं नाही. वहाणा घातल्या आणि चालू लागले.

कड्यावर पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. समोरच्या सावरीवर थवा उतरला. हेरंबने दुर्बीण लावली आणि क्षणात आकडा सांगितला.

“एकतीस.”

“गळपट्टा नसलेले किती?”

हेरंब हसला. पिल्लांच्या गळ्याला काळा पट्टा नसतो, तो मोठेपणी येतो, हे त्याने स्वतःच्या प्रबंधात लिहिलं होतं. त्याने पुन्हा दुर्बीण लावली.

या फांदीवरून त्या फांदीवर… मग परत पहिल्या फांदीवर.

थवा उडून गेला तरी दुर्बीण डोळ्यांवरच होती.

मग तो खाली बसला आणि कॅमेऱ्यातले जुने फोटो एकामागून एक पाहू लागला. मागच्या वर्षीचे. त्याच्या आधीचे. प्रत्येक गळ्यावर ठसठशीत काळा पट्टा होता. सहा वर्षं त्याने तीच पाखरं मोजली होती.

“पिल्लं नाहीत,” तो म्हणाला. “पण चाचा, जंगल तर आहे.”

“जंगल आहे. ढोल्या नाहीत.”

चाचा त्याच्या शेजारी खाली बसले.

मग चाचांनी सांगितलं. जुनी, पोकळ, वाळकी झाडं काढायचा हुकूम आला होता. खुणेचा घाव त्यांनीच घातला, एकेका झाडावर, आपल्या हाताने. पाखरं त्याच ढोल्यांत घरटी करतात, हे त्यांना ठाऊक होतं. सांगायचंही ठरवलं होतं. पण तालुक्यात इतकं साफ जंगल दुसरं नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना फेटा बांधला. मान ताठ करून ते घरी आले, आणि बोलायचं राहून गेलं…

हेरंबने कॅमेरा बंद केला. आपलं नाव छापलेली पत्रिका, हॉल, पहिल्या रांगेतली माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

“मी परवा जाऊच नको का?”

“जा की. माझा शागीर्द आहेस, मलाही मिरवू दे.”

चाचा उठले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“फक्त फेटा बांधायच्या आधी बोल. नंतर जमत नाही.”