प्याल्यातली राख

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक व्यापारी रेशमी वस्त्रात गुंडाळलेला प्याला घेऊन आला. प्याला जुना, फ्रान्स देशात घडलेला. अंग कांस्याचे, त्यावर सोन्याचा मुलामा, आणि पोटाभोवती निळ्या मीनाकामात उमललेली पांढरी फुले. व्यापाऱ्याच्या आजोबांना तो एका फ्रेंच मित्राने दिला होता.

"महाराज, माझ्यामागे हा जपणारे घरात कोणी नाही. इथे राहू द्या," व्यापारी म्हणाला. आचार्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला.

पट्टशिष्याला हे मुळीच रुचले नाही. तो मोठा विरक्त. अंथरूण सोडलेले, मीठ सोडलेले, पायांत वहाणा नाहीत. हे ठाऊक नाही असा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता, कारण ते सर्वांना कळेल याची काळजी तो स्वतःच घेई. उपवासाचा डांगोरा पिटणारी माणसे आपणही पाहतो. भुकेपेक्षा बोलण्यानेच ती अधिक थकतात.

पुढे चातुर्मासासाठी आचार्य परगावी गेले. परतल्यावर ते शिष्याला मठाची गादी सोपवणार, हे ठरलेले होते. त्या अवधीत शिष्याने प्याला कोनाड्यातून काढला, त्यात चुलीतली राख भरली आणि अंगणात भांडी घासायच्या जागी नेऊन ठेवला. येणारेजाणारे थक्क झाले. "काय हे वैराग्य! सोने आणि राख यांना सारखीच!" शिष्य मान खाली घालून ऐके, कान मात्र टवकारलेले असत.

चातुर्मास संपवून आचार्य परतले. गादी सोपवण्याच्या दिवशी मठाचे अंगण माणसांनी फुलून गेले. व्यापारीही आला. राखेने माखलेला प्याला पाहून त्याचा चेहरा उतरला. पण सगळे वाखाणत होते, म्हणून त्यानेही हात जोडले. डोळे मात्र प्याल्यावरच खिळले होते. आचार्यांनी ते पाहिले.

ते उठले. त्यांनी प्याल्यातली राख हलकेच काढली, तो धुतला, आपल्या उपरण्याने पुसला. एका फुलाचा टवका उडाला होता. तिथे त्यांचे बोट क्षणभर थांबले. मग सर्वांसमोर त्यांनी त्या प्याल्याला वाकून नमस्कार केला.

शिष्य धावत पुढे आला. "गुरुजी, हे काय? वस्तूचा मोह धरू नये, हे आपणच शिकवलेत. आणि आपण एका भांड्यापुढे वाकता?"

"भांड्यापुढे नाही, बाळा. ज्याने ते केले, त्याच्यापुढे." आचार्यांनी फुटलेले फूल त्याला दाखवले. "काचेची रंगीत पूड धातूवर मांडायची आणि भट्टीत वितळवायची. आच जरा चढली की रंग बिघडला, पुन्हा पहिल्यापासून. किती वेळा असे झाले असेल, तेव्हा कुठे ही एवढीशी पाकळी उमलली. त्याने जीव ओतला आणि यावर नावसुद्धा लिहिले नाही. सांग, विरक्त कोण? तू मीठ सोडलेस, अंथरूण सोडलेस. 'मी सोडले' एवढे मात्र उराशी कवटाळून बसलास. आणि ते जगाला दाखवण्यासाठी एकाचे श्रम आणि दुसऱ्याचे प्रेम राखेत घातलेस."

शिष्याने गादीकडे पाहिले. आयुष्यभर जिच्यासाठी झिजलो ती हाताशी आली आहे, आणि चूक कबूल केली तर ती जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होते. गृहस्थापुढे कधीही न वाकलेला तो शिष्य व्यापाऱ्याजवळ गेला आणि त्याच्या पायांशी बसला.

"शेठजी, तुमच्या आजोबांची ठेव मी बिघडवली. ते वैराग्य नव्हते. लोकांनी वाहवा करावी, एवढेच मला हवे होते. या गादीला मी लायक नाही."

"उठा, महाराज," म्हणताना व्यापाऱ्याचे डोळे भरून आले.

आचार्यांनी शिष्याचा हात धरला आणि त्याला गादीपाशी नेले.

"आता बैस," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा तू काहीतरी सोडलेस."