नाव टाकायचं म्हणजे

"...आणि नाव टाकल्यावर मला हाक मारणार कोण, बुवा? मारणार तरी कशी?"

विचारणारे अच्युतशास्त्री. तर्कात असे पटाईत, की प्रमाण मिळाल्याशिवाय शेंडीसुद्धा हलायची नाही. घर सोडून मठात आले होते आणि आज दीक्षा मागत होते. दीक्षेत जुनं नाव जातं. नाव गेलं की संसार गेला, असा चोख हिशेब.

लहानूबुवा विळीवर वांगी चिरत होते. त्यांनी विचारलं, बायको काय म्हणते?

"तिचं काय... ती तर माझं नावच घेत नाही. नुसतं 'अहो'. ते गावातल्या हरेक नवऱ्याला लागू. ज्या शब्दानं एक माणूस वेगळा निघत नाही, तो शब्द कुणाचाच नाही."

बुवा उठले. देठ बाजूला ठेवून मागच्या दाराशी गेले.

तिथं अच्युतशास्त्र्यांची बायको सकाळपासून बसलेली. दारावरच्यानं 'कोण हवंय' म्हणून विचारलं, तर पदर तोंडाशी धरून गप्प. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

बुवा तिला म्हणाले, नाव राहू दे बाई, हाक मार. आणि परत वांग्यांपाशी येऊन बसले.

भंडाऱ्याचा दिवस. ओसरीवर पुरुष पत्रावळी टाचत होते. सगळे कुणाचे ना कुणाचे नवरे. दोघे-तिघे पळून आलेले, बाकीचे नुसते जेवायला.

भिंतीपलीकडून आवाज आला. फार मोठा नव्हता.

"अहो..."

एकानंही मान वर केली नाही. एक दाढीवाला तर खांबाला टेकून घोरतच राहिला.

शास्त्री मात्र उभे होते. एक पाय उंबऱ्याबाहेर, उपरणं विळीत अडकलेलं.

"कुणालाही असेल ती हाक," ते म्हणाले. "आवाजावरून केलेलं अनुमान..."

"ऐकलंत का?" भिंतीपलीकडून पुन्हा.

"...ओ."

तो 'ओ' कसा निघाला, ते त्यांनाही कळलं नाही. डोळे मात्र भरले होते. धूर चुलीचा होता म्हणावं, तर चूल पेटायची होती.

बुवांनी उपरणं सोडवून त्यांच्या खांद्यावर टाकलं. शास्त्री दाराकडे निघाले, तेव्हा बुवा मागून म्हणाले,

"दीक्षा देतो की रे. फक्त सांगून जा, कुठलं नाव टाकायचं... अच्युत, का अहो?"