बुटका मनोरा

ते जुने पोस्टकार्ड जरा इकडे करा. हो, हेच आमचे देऊळ. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. डावा मनोरा उंच, उजवा त्याच्या खांद्याएवढा. आणि खाली काय छापले आहे? 'वीज पडून मोडलेला मनोरा.' छापणाऱ्याने इथे पाऊल तरी टाकले होते का? मोडायला तो आधी पुरा व्हायला नको?

असे सांगतात, की फिरंग्यांच्या अमदानीत हे देऊळ उठत होते. बांधकामावर एक कप्तान होता. त्याचे नाव आम्ही घेत नाही. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, ती त्याने कुंपणात घेतली. पाणी चुना मळायला, प्यायला नाही. चुन्याच्या टोपल्या वाहायच्या मात्र गावच्याच बायांनी, आणि तहान लागली तर लांबच्या डबक्यावर जायचे. देवाचे काम म्हणून साऱ्याजणी गप्प राहिल्या. हाच आमच्या लोकांचा गाढवपणा!

त्यांत कात्रीन नावाची कोळीण होती, दिवस भरलेली. भर उन्हात चुन्याच्या ढिगापाशीच ती बाळंत झाली. घसा सुकला, जीभ वळेना. तिची सासू मोनीबाय घागर घेऊन विहिरीवर धावली. कप्तानाने घागर हिसकावली.

"चुना वाळेल," तो म्हणाला म्हणे.

"माझी सून वाळतेय, तिचं काय रे मेल्या?"

पाणी मिळाले नाही. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी मात्र पाद्रीबाबा त्याच विहिरीचे पाणी चांदीच्या शिंपल्यात घेऊन आले. कात्रीनने ते डोळ्यांनी पाहिले आणि तशीच गेली.

मोनीबायने आपली टोपली उजव्या मनोऱ्याच्या पायाशी उपडी केली. "आईला घोटभर पाणी नाही, त्या देवळाला आमच्या हातचा चुना नाही," म्हणाली आणि बाळ घेऊन चालू लागली. मागोमाग सगळ्या. कप्तानाने चाबूक उगारला, परगावच्या बाया आणल्या. कात्रीनची हकीकत ऐकून त्याही माघारी गेल्या. शेवटी पाद्रीबाबा मोनीबायच्या दारात आले. ती एवढेच म्हणाली, "यापुढं आधी आई पिणार." पाद्रीबाबांनी ते कबूल केले, पण उजव्या मनोऱ्याला पुढे कुणी चुना वाहिला नाही; तो होता तेवढाच राहिला.

ते बाळ जगले. आमचे घराणे त्याचेच. म्हणून मी तापतो, दुसरे काही नाही. गेल्या वर्षी देवळाच्या कमिटीला दोन्ही मनोरे सारखे करायचे होते, शोभेसाठी! गावच्या बाया कुंपणाशी नुसत्या उभ्या राहिल्या, आणि शोभा तिथेच बारगळली.

आजही इथे बाप्तिस्मा असला की त्या विहिरीचा तांब्या आधी आईच्या हातात देतात. ती "झालं" म्हणेपर्यंत बाळाच्या डोक्यावर थेंब पडत नाही. परवा माझ्या नातसुनेने तर अख्खा तांब्या संपवला, अगदी सावकाश. नवे पाद्रीबाबा शिंपला धरून ताटकळत होते. ताटकळू देत.